साखळीचा दिवस

एकोणीसशे एकोणऐंशी सालच्या फेब्रुवारीतल्या पहिल्या मंगळवारी डोरीन मेटकाफने स्कोनचं, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या गोडसर पावांचं, ताट भट्टीतून बाहेर काढलं आणि ते तसंच हातात धरून ती खिडकीशी गेली. विल्फ अजून परतला नव्हता. फडक्यातून बोटांना चटका बसला तेव्हा कुठे तिने ताट खाली ठेवलं.

नाश्ता झाला की विल्फ धबधब्यापर्यंत चालत जायचा आणि परत यायचा. उभी हयात तो त्या वाटेचा राखणदार होता. आता त्याला काल काय खाल्लं ते आठवत नसे, मुलीचं नाव आठवत नसे. कधीकधी डोरीनकडेही तो परक्या बाईकडे पाहावं तसा अदबीने पाही. पण वाट त्याच्या पायांना पाठ होती. चर्चमागचं लाकडी फाटक, ओढ्याकाठची झाडी, दगडी पायऱ्या, धबधबा, आणि त्याच्या माथ्यावर माळरानाच्या रस्त्याला लागून दुसरं फाटक. त्या फाटकाला हात लावायचा आणि मागे फिरायचं. उन्हाळ्यात थॉर्नबेक गावाला जी माणसं येत ती या धबधब्यासाठीच येत, आणि उतरल्यावर डोरीनच्या पुढच्या खोलीत बसून चहा घेत.

बाहेर बर्फ पडू लागलं होतं. डोरीन कोट चढवून चर्चमागे गेली आणि फाटकापाशी थबकली. फाटकाला साखळी होती.

आज साखळीचा दिवस, हे ती साफ विसरली होती. वाट तिथल्या जमीनदारांच्या इस्टेटीच्या मालकीची. वर्षभर कुणीही खुशाल चालावं. पण वर्षातून एक दिवस ती बंद ठेवायचीच, नाहीतर कायद्याने ती सगळ्यांची होऊन बसेल ही मालकांना धास्ती. म्हणून मग हिवाळ्यातला हा मंगळवार, जेव्हा तिकडे चिटपाखरू फिरकत नाही.

फाटकासमोर बुटांचे ठसे होते. जागच्या जागी घुटमळलेले. पुढे कुठे गेले ते बर्फाने बुजवून टाकलं होतं.

दुपार व्हायच्या आत सगळं गाव बाहेर पडलं. विल्फच्या मागून राखणदारी आर्थर डिन्सडेलकडे आली होती. तोच सगळ्यांना दिशा वाटून देत होता: तुम्ही ओढ्याच्या खालच्या अंगाला, तुम्ही सहलीच्या कॅराव्हॅन गाड्यांच्या मैदानात, तुम्ही बसच्या रस्त्याला.

"झाडीत बघितलंस का?" डोरीनने त्याला विचारलं.

"आत कसा जाईल तो? कुलूप सकाळी माझ्या हाताने लावलंय."

"पण आर्थर..."

"अगं, हा एवढा उंच दगडी गडगा. सत्तरीचा माणूस म्हणजे काय शेळी आहे, उडी मारायला?" मग तिचा चेहरा बघून तो ओशाळला. "सापडेल गं. म्हातारा चिवट आहे."

पोस्टातली पेगी तिचा हात धरून म्हणाली, "मागच्या वेळी नाही का, बसमध्ये जाऊन बसला होता? कंडक्टरलाच म्हणाला, सरक, तिकिटं मी फाडतो."

कुणी हसलं नाही. पेगीही नाही.

तीन वाजले तसा उजेड पातळ होऊ लागला. अंधार पडल्यावर या थंडीत उघड्यावर माणूस टिकत नाही, हे तिथे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. डोरीन हाका मारून मारून घोगरी झाली होती. ओढ्याच्या काळ्या पाण्यात टोपीसारखं काहीतरी दिसलं म्हणून ती गुडघाभर आत शिरली. तो कुजलेल्या पानांचा पुंजका निघाला. तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा ती म्हणाली, "सकाळी मी त्याला मफलर दिला नाही. शोधायचा कंटाळा केला." दोनदा, तीनदा तेच म्हणाली.

कंदील आणायला म्हणून ती घरामागच्या खोपटात गेली. कंदील खिळ्यावर होता. शेजारचा खिळा मोकळा होता.

ती त्या मोकळ्या खिळ्याकडे बघत राहिली. तिथे इतकी वर्षं एक गंजकी साखळी टांगलेली होती, मोडक्या कुलपासकट. साखळीच्या दिवशी विल्फ वरच्या फाटकाला बांधायचा, ती साखळी. आर्थरने ती कधी मागितली नव्हती आणि विल्फने कधी टाकू दिली नव्हती.

ती धावत आर्थरच्या लँडरोव्हरपाशी आली.

"तू वरचं फाटक बांधलंस?"

"वरचं? ते मी कधीच बांधत नाही. या थंडीत वर कोण मरायला..." आर्थरने जीभ चावली. मग गाडी सुरू केली.

माळरानाच्या रस्त्यावर वारा आडवा मारत होता. फाटक दिसलं तेव्हा आधी त्याच्यामागे एक खांब जास्तीचा उभा आहेसं वाटलं. टोपीवर बर्फ, खांद्यांवर बर्फ. फाटकाला गंजकी साखळी नीट तीन वेढे देऊन बांधलेली होती. विल्फच्या मागे चार पावलांवर कडा होता. तिथला कठडा शरद ऋतूतल्या वादळात वाहून गेला होता, आणि खाली धबधबा अर्धा गोठलेला.

"वाट आज बंद आहे, बाई," विल्फ म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले होते आणि शब्द जड येत होते. "उद्या या. उद्या खुशाल या."

"विल्फ, अरे मी आहे. घरी चल."

"सगळे असंच सांगतात."

"अरे म्हाताऱ्या, पुरे आता," म्हणत आर्थरने फाटकाच्या आडव्या फळीवर पाय ठेवला. विल्फने काठी उगारली आणि तो मागे सरकला. एक पाऊल, आणखी एक. त्याच्या टाचेखालचं बर्फ सुटलं आणि कड्यावरून गेलं. पडल्याचा आवाज आला नाही.

"आर्थर, खाली उतर," डोरीन म्हणाली. इतक्या हळू की तिचं तिलाच ऐकू आलं नसेल.

ती गडग्याला हात टेकून उभी राहिली. लग्नाआधी, ब्रॅडफर्डच्या गिरणीत असताना, मैत्रिणींबरोबर रविवारी रानोमाळ भटकायची तिला आवड. एकदा गिरणी बंद होती म्हणून नेमक्या साखळीच्या मंगळवारी आली आणि पैजेवर हाच गडगा चढली. मोठ्या कानांच्या एका राखणदार पोराने कोपर धरून तिला पार खालपर्यंत नेलं होतं, सगळी वाट बडबडत. कारण साखळीच्या दिवशी शिरलेल्या माणसाला नुसतं हाकलून भागत नसे. राखणदाराने त्याला स्वतः खालच्या फाटकाबाहेर सोडायचं, असा इस्टेटीचा दंडक.

"गाडी घेऊन खाली जा," ती आर्थरला म्हणाली. "कुलूप काढून ठेव. आणि समोर येऊ नकोस."

"आणि तू?"

ओला स्कर्ट गुडघ्यावर खोचून ती गडगा चढत होती. एक दगड निसटला, नडगी सोलली. ती पलीकडे बर्फात हातांवर पडली.

"अहो बाई! अहो, हे काय चाललंय?"

विल्फ कड्यापासून निघून तिच्याकडे आला होता. डोरीनने तेवढ्यासाठीच श्वास धरला होता, तो सोडला.

"मला धबधबा बघायचाय," ती म्हणाली.

"बंद आहे म्हणून सांगितलं ना? आज एका माणसाने जरी पाय टाकला तरी माझी नोकरी जाते, कळतंय का?"

"मग काय करणार तुम्ही?"

"करणार काय? बाहेर नेऊन सोडणार. उठा." आणि त्याने तिचं कोपर धरलं.

झाडीत जवळजवळ अंधारच होता. तो पुढे, ती अर्धं पाऊल मागे. "इथे डावा पाय. हा दगड हलतो, त्याच्यावर नको." बायकोचा चेहरा विसरलेला माणूस एकेक पायरी नावानिशी ओळखत होता.

"कुठून आलात?"

"ब्रॅडफर्डहून."

"तरीच. गिरणीतल्या पोरी सगळ्या अशाच आगाऊ."

अर्ध्या वाटेवर त्याचे गुडघे वाकले. तो पायरीवर टेकला आणि डोळे मिटून म्हणाला, "जरा बसतो."

डोरीनने त्याचे हात चोळले. लाकडासारखे. तिने ओढून पाहिलं, तो हलेना. मग तिने हात सोडले आणि दोन पायऱ्या वर चढली.

"बसा तुम्ही. मी चालले धबधब्याकडे."

विल्फने डोळे उघडले. शिव्या पुटपुटत, काठीवर भार देत तो उठला.

खालच्या फाटकाची साखळी सुटी लोंबत होती. विल्फने फाटक उघडलं, तिला बाहेर काढलं, आणि तो आतच थांबून पुन्हा वर जायला वळला.

"अहो!" तिचे दात वाजत होते. "इथे चहा कुठे मिळेल?"

"ते हिरव्या दाराचं घर. डोरीन असते तिथे. सांगा, विल्फने पाठवलंय. स्कोनवर लोणी जास्त लावेल."

"मला सापडायचं नाही. दाखवता का?"

त्याने झाडीकडे पाहिलं, मग तिच्या भिजलेल्या बुटांकडे.

"चला," तो म्हणाला. "पण ती माझ्यावर रागावणार. मला उशीर झाला की खिडकीत उभी असते."

दुसऱ्या दिवशी अंथरुणात पडल्या पडल्या त्याने एवढंच विचारलं, "ती ब्रॅडफर्डची पोरगी पोचली का?" पुढे तो आणखी दोन वर्षं जगला. वाटेवर डोरीन त्याच्याबरोबर जाऊ लागली, तो पुढे, ती अर्धं पाऊल मागे. एका सफरचंदांच्या मोसमात तो झोपेतच गेला. पेगीचं पोस्ट बंद झालं आणि ती समुद्राकाठी बहिणीकडे राहायला गेली. नाताळला तिचं कार्ड येई. आर्थर निवृत्त होईपर्यंत न चुकता दोन्ही फाटकं बांधत राहिला.

विल्फ गेल्यानंतर दर वर्षी साखळीच्या दिवशी डोरीन माळरानाच्या रस्त्याने वर जायची आणि गडगा चढून आत उतरायची. आर्थर लांबून बघायचा आणि पाठ फिरवायचा. ती तिथे बराच वेळ उभी राही. मग कोपरावरचं बर्फ झटकून, हलणारा दगड टाळत, आपली आपण खाली उतरून येई.