कुलपातलं कौतुक

मी एक जुनं ईसीजी मशीन आहे. मित्रांनो, नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. छातीवर रबरी वाट्या लावायच्या, हातापायांना चिमटे अडकवायचे, की माझ्यातून निघणाऱ्या कागदाच्या पट्टीवर हृदय आपलं गाऱ्हाणं मांडतं. त्याची रक्तवाहिनी तुंबली असेल तर बहुतेक वेळा रेघ वर चढते आणि डॉक्टर धावपळ सुरू करतात.

या छोट्या दवाखान्यात मी आले तेव्हा माझं कोण कौतुक झालं! मोठ्या सिस्टरांनी माझ्यासाठी पांढरं आवरण शिवून घेतलं. "याला कुणी उगाच हात लावायचा नाही. बिघडलं तर दुसरं कोण देणार आहे?" असं म्हणून त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. त्यांनी मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. पण फोडाला निदान हाताची सोबत असते, मला तीही नव्हती. बाहेर पावलं वाजली की वाटायचं, कुणीतरी यावं. लगेच माझीच मला लाज वाटायची. माझ्याकडे येणार म्हणजे कुणाच्या तरी छातीत दुखणार!

एका दुपारी कोपऱ्यावरचे शिंपीकाका आले. बंद दाराआडून मला सगळं ऐकू येत होतं.

"अगं, गॅस झालाय नुसता. उगाच आणलंस."

"गॅसनं एवढा घाम येतो होय? सदरा पिळला तर पाणी निघेल तुमचा!" काकू रडवेल्या झाल्या होत्या.

"आधी ईसीजी काढा," डॉक्टर म्हणाले. धाकटी सिस्टर पळत आली आणि कुलूप पाहून थबकली. मोठ्या सिस्टर जेवायला घरी गेल्या होत्या, किल्लीसकट. त्यांना बोलवायला माणूस धाडला. तोवर काका बाकावर कण्हत होते आणि मी चार पावलांवर आवरण घालून सजून बसले होते. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

पाऊण तासानं मोठ्या सिस्टर धापा टाकत आल्या. पट्टीवर रेघ चांगलीच वर चढली होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, काका वाचले. पण तोवर हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला होता. आता शिलाई मशीन काकू चालवतात आणि काका बसून बटणं लावतात.

त्या संध्याकाळी मोठ्या सिस्टर माझ्याशेजारी बसून रडल्या. "मशीन जपलं गं मी, माणूस जपायचा राहिला," एवढंच त्या धाकटीला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मला ढकलत मुख्य दारापाशी आणलं आणि सगळ्यांना बजावलं, "छातीत दुखतंय म्हणाला की आधी पट्टी. नाव-गाव मागाहून."

आता माझा रंग पिवळा पडलाय. एक चिमटा चिकटपट्टीवर तग धरून आहे. लोक येतात, पट्टी घेऊन पळतात. माझ्याकडे वळून कुणी बघत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्यांनी पळावं हेच बरं.

मित्रांनो, मला जपून ठेवू नका, वापरून झिजवा. आणि घरातलं मोठं माणूस छातीवर हात दाबून "उद्या बघू" म्हणालं, तर त्याचं ऐकू नका. आरडाओरडा करा, शेजाऱ्यांना बोलवा, पण त्याला लगेच घेऊन या. मी दाराशीच आहे. मला वाट बघता येते, त्याच्या हृदयाला येत नाही.