जर्मन माणसाची सही

माझी बायको दाफिंका तीस वर्षं आमच्या गावच्या शाळेत कारकून होती. गावात पन्नाशीच्या आतला जो कुणी आहे, त्याचा शाळेचा दाखला तिने हाताने लिहिलेला आहे. हे मला माहीत होतं. तरीही वेळेवर सुचलं नाही.

साठी उलटल्यावर मला मोटरसायकल हवी झाली. आमच्याकडचा बोन्चो व्हॅनमधून जर्मनीतल्या जुन्या गाड्या आणतो. त्यातली एक काळी मी घेतली. मूळ मालकाचं नोंदणीपुस्तक होतं, पण विक्रीचा करारनामा कोरा होता.

"विकणाऱ्याच्या जागी त्या जर्मनाची सही तुम्हीच ठोका," बोन्चो म्हणाला. "अर्धा बल्गेरिया असाच फिरतोय. तो काय बघायला येणार आहे?"

मी वेल्डिंग करणारा माणूस. माझं लिहिणं मलाच वाचता येत नाही. मी कागद दाफिंकापुढे ठेवला.

"वेल्को, दुसऱ्याचं नाव मी लिहिणार नाही."

"शाळेत रोज तेच तर लिहायचीस."

"दाखल्यावर लिहायचे. सहीच्या जागी नाही."

मग मी तिच्याशी बोलणं सोडलं. तीन दिवस. ती ताट वाढायची, मी जेवायचो आणि उठायचो. चौथ्या दिवशी ती मिरच्या भाजत होती. तिने हात धुतले, करारनामा सगळा भरला, खाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"घे. आता तरी तोंड उघड."

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती अंगणात पडली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

घरात बसवत नव्हतं म्हणून मी गाडी घेऊन वाहतूक पोलिसांच्या कचेरीत नोंदणीला गेलो. खिडकीत देयान होता. आमच्याच शाळेत शिकलेला. त्याने गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर तपासला, मग करारनामा हातात घेतला. बराच वेळ बघत राहिला.

"काका, हा जर्मन आमच्या शाळेत कामाला होता का?"

मी नोंदणीपुस्तक त्याच्यापुढे सरकवलं.

"माझा दाखला आईने भिंतीवर लावलाय. हे अक्षर मी रोज चहा पिताना बघतो."

देयानने मागे कुणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज उतरवला. "बाई देवमाणूस होत्या. आता त्यांचं कोण काय वाकडं करणार? तुम्ही खुलासा म्हणून एवढं लिहून द्या, की कागद बायकोने तयार केला, मला काही ठाऊक नव्हतं. गेलेल्या माणसावर गुन्हा चालत नाही. बोन्चोला त्या जर्मनाकडून खरा करारनामा मागवायला लावा. तो आला की नंबर देतो."

त्याने चांगल्या मनाने सांगितलं होतं. मी लिहून दिलं. 'मला काही ठाऊक नव्हतं' हे शब्द लिहिताना पेन अडलं नाही, हे मला चांगलं आठवतं.

पंधरा दिवसांत नवा करारनामा आला. मला नंबर मिळाला.

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी आम्ही तिच्या कबरीवर गेलो. आमच्याकडे त्या दिवशी वाटतात तसे मी गहू उकडून त्यात साखर आणि अक्रोड घातले होते. दाफिंकासारखे जमले नाहीत, चिकट झाले. लोक एकेक करून पुढे येत होते, हातावर गहू घेत होते आणि रीतीप्रमाणे म्हणत होते, "देव तिला क्षमा करो."

शेजारची राद्का आजी नव्वदीची आहे, तिला गप्प बसवत नाही. ती घास चावत म्हणाली, "क्षमा करायला देवाला काही सापडायला तर हवं! हिने उभ्या जन्मात काय केलं? तुला सांभाळलं, तेवढंच. वेल्को, गहू फार शिजवलेस रे."

लोक हसले. पुढे देयान उभा होता. त्याने गहू घेतले, तेच शब्द म्हटले आणि खाली बघितलं. देवाला आता काहीतरी सापडणार होतं. ते मीच लिहून ठेवलं होतं, तारीख घालून.

मी भांडं राद्का आजीच्या हातात दिलं आणि देयानला फाटकापाशी गाठलं.

"तो माझा जबाब परत दे."

"काका, त्याला आवक क्रमांक पडला. आता कसला परत?"

"मग दुसरा लिहितो. सही तिचीच आहे. पण ती नाही म्हणाली होती. मी तीन दिवस अबोला धरला, तेव्हा केली. मला सगळं ठाऊक होतं."

"डोकं ठिकाणावर आहे का? गुन्हा तुमच्यावर येईल. चौकशी संपेपर्यंत नंबरही काढून घ्यावा लागेल मला. आणि कुणासाठी? त्यांना काय कळणार आहे?"

"तुला आणि मला कळतंय ना?"

त्याने टोपी डोक्यावर चढवली. "सोमवारी या," म्हणाला. "रविवारी विचार बदलला तर येऊ नका. मी कुणाला बोलणार नाही."

सोमवारी आठला मी खिडकीपाशी होतो. सगळं लिहिलं. अबोल्याचं लिहिलं तेव्हा देयान म्हणाला, "हे कायद्याला लागत नाही." मी म्हटलं, "राहू दे." त्याने कागद घेतला, शिक्का मारला आणि नंबराची पाटी काढायला बाहेर आला. एक स्क्रू गंजून बसला होता, तो मी काढून दिला.

गाडी कचेरीच्या आवारात ठेवून मी बसने परत आलो. चौकशी अजून चालू आहे. काय व्हायचं ते होईल. तिने ताट वाढलं आणि मी तिच्याकडे बघितलं नाही, अशी नऊ जेवणं झाली होती. ती कुठल्याच कागदावरून खोडता येत नाहीत.