नाथाजीच्या गाडीतली झोप

“आता हे सांगितलं तर कुणाचा इश्वास बसायचा न्हाई,” म्हणत जोतिबानं बिरदेवच्या हातातला पाना काढून घेतला. हातात पाना असेपर्यंत मिस्त्री नीट ऐकत नाही, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. “पुसेसावळीच्या अलीकडं या जीपचे पुढचे समदे गेर गेले. एकटा रिव्हर्स राह्यला. वडापाची गाडी, माणसं खच्चून भरल्याली. करायचं काय? फिरवली तोंड उलटं, आन् रिव्हर्सला टाकून थेट औंधापातुर नेली. मागं लोंबकळणारी माणसं आली की सगळ्यात म्होरं. मग मीबी त्यांच्याकडनं पुढच्या शिटाचं भाडं घेतलं.”

कराडच्या त्या गॅरेजात आपापल्या गाड्यांची वाट बघत बसलेली माणसं हसली. बिरदेव हसला नाही. तो जतकडच्या माळावरचा, मेंढरांमागं चालत मोठा झालेला. ऐकलेलं रवंथ केल्याशिवाय हसायची त्याला सवय नव्हती.

“आन् मान?” त्यानं विचारलं.

“मागं वळवून. अजून म्हणावी तशी सरळ व्हत न्हाई, बघ.”

“पाना द्या आबा, आन् आता माझं ऐका. इंजिन उतरवून बोअर करता यील. पिस्टन, रिंगा, क्लच, समदं नवं घालू. पर खालची चासी गंजलीया. पासिंगला सायेब हातोडी मारून बघतोय. एवढ्या खर्चात एखादी बारकी जुनी गाडी यील तुमाला. दारं मिटणारी.”

बाकी सगळं जोतिबानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं असतं. पण ‘दारं मिटणारी’ हे शब्द नेमके जिथं दुखत होतं तिथं जाऊन बसले. त्याच्या जीपला दारं नव्हतीच. ताडपत्रीचे दोन पडदे होते, तेही पावसापुरते. आणि दारं मिटल्याचा आवाज तो दसऱ्यापासून रोज ऐकत होता. थप्प. जणू कुणी उशी टाकावी. हा आवाज त्याच्या भिंतीपलीकडून यायचा.

भिंतीपलीकडं नाथाजी राहायचा. नाथाजी त्याचा सख्खा चुलतभाऊ, वयानं धाकटा, स्वभावानं इतका सरळ की त्याच्याशी भांडायला कारण सापडत नसे. दसऱ्याला त्यानं पांढरीशुभ्र नवी गाडी आणून दारात उभी केली. त्यांच्या भावकीत रीत अशी, की घरात नवं वाहन आलं की भावकीतल्या थोरल्या सवाशिणीनं त्याला ओवाळायचं, मग तिनंच पहिल्यांदा त्यात बसायचं आणि औंधाच्या यमाईला जाऊन यायचं. जोतिबाच्या आज्यानं ही रीत बैलगाडीच्या काळात घालून दिली होती. पुढं नाथाजी गाडी घेईल आणि थोरली सवाशीण जोतिबाची बायको असेल, हे त्या म्हाताऱ्याला कोण सांगणार?

लीलाबाईनं ओवाळलं. चाकाखाली लिंबं ठेवली. जोतिबाचं त्या दिवशी डोकं दुखत होतं, म्हणून तो गेला नाही.

ती सांजेला परत आली तेव्हा तिचे केस सकाळी विंचरले होते तसेच होते. जीपमधून औंधाला जाऊन आली की लीलाबाईच्या भुवया धुळीनं पांढऱ्या व्हायच्या, आणि पदराची हनुवटीखाली मारलेली गाठ सोडवायला अर्धा तांब्या पाणी लागायचं. आज गाठ नव्हती. तिच्या पदराला कसल्यातरी फळाचा वास होता. ओळखीच्या कुठल्याच फळाचा नव्हे.

“कशी हाय गाडी?” जोतिबानं विचारलं.

“बरी हाय.”

“नुसती बरी?”

“आत एक बाई बोलती. डावीकडं वळा, उजवीकडं वळा.”

“नाथाजीला औंधाचा रस्ता ठावं न्हाई व्हय?”

गोष्ट तिथंच मिटली असती. पण नाथाजीनं भिंतीवरून डोकं वर काढलं आणि मोठ्या कौतुकानं सांगितलं, “दादा, वैनीस्नी वाटंत डोळा लागला की. मी आपली गार हवा कमी केली. म्हनलं, झोपू द्यात.”

जोतिबानं कपातला चहा बशीत ओतला, मग बशीतला परत कपात ओतला. वडापाची भाडी मारायच्या दिवसांपासून लीलाबाई त्याच्या शेजारी बसत आली होती. तान्ही लेकरं मांडीवर घेऊन बसली, तापानं फणफणलेली बसली, माहेरी आई गेल्याचा निरोप आला तेव्हाही तिथंच बसली. डोळा एकदाही लागला नव्हता. याची तो चारचौघांत फुशारकी मारायचा: माझ्या गाडीत कुणाला झोप यीत न्हाई, मी गोष्टीच तशा सांगतो.

“गोष्टी कोण सांगत व्हतं तुला वाटंनं?” त्यानं विचारलं.

“कुनी न्हाई,” लीलाबाई म्हणाली. “गप्प व्हतो समदी.”

त्या दिवसापासून जोतिबा जीप आडवी लावू लागला. नाथाजीला गाडी काढताना चार वेळा मागं-पुढं करावं लागेल अशी त्याची योजना होती. पण त्या गाडीला मागचं दाखवणारा कॅमेऱ्याचा पडदा होता. नाथाजी एका झटक्यात बाहेर पडायचा आणि जाताना हात करायचा. एकदा लीलाबाईनं येता-जाता त्या गाडीवरची चिमणीची घाण आपल्या पदराच्या टोकानं पुसली. जोतिबानं ते खिडकीतून पाहिलं. त्याच्या जीपमध्ये कोंबडी अंडी घालत होती, तिकडं कुणी पदर नेला नव्हता.

आता पौषातली यमाईची जत्रा तोंडावर आली होती. नाथाजी म्हणाला होता, वैनी, आमच्याबरोबरच चला, जागा हाय. त्यावर लीलाबाई ‘न्हाई’ म्हणाली नव्हती. ‘बघू’ म्हणाली होती. त्या ‘बघू’नं जोतिबाला काळा धूर ओकणारी जीप कडेगावावरून कराडपर्यंत रखडत आणायला लावली होती.

“बोअरच कर,” तो बिरदेवला म्हणाला. “जत्रंच्या आधी पायजे. आन् हॉर्न मोठा बसव. चढणीला म्होरच्या गाडीला ऐकू गेला पायजे.”

“कुनाच्या म्होरच्या गाडीला?”

“असल कुनाची तरी.”

बिरदेवनं वाकून जीपच्या डाव्या अंगाला पाहिलं. “ही पायरी तुटून पडलीया. वेल्डिंग करून लावू का?”

“जीपला पायरी म्हंजे बैलाला चप्पल. आमची मंडळी आपली झोकात चढती. उतरताना तर बघण्यासारखं आसतं.” जोतिबा बसलेल्या माणसांकडं वळला. “आपण देवळातनं पाठ न दावता निघतो का न्हाई, तशी जीपकडं तोंड करून उतरती. एवढा मान हाय हिचा.”

माणसं पुन्हा हसली. बिरदेव तुटलेल्या पायरीच्या जागेकडं बघत राहिला आणि मग त्यानं बॉनेट उघडलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी जीप तयार झाली. इंजिनचा आवाज पार बदलला होता, खणखणीत. जोतिबानं कराडपासून घरापर्यंत कारण नसताना हॉर्न वाजवला. वाटेतल्या उसाच्या ट्रॉल्यांनी बाजू दिली, ते हॉर्नमुळं असं तो धरून चालला. नाथाजीला मागं टाकायची जागासुद्धा त्यानं मनात ठरवून ठेवली होती: यमाईच्या डोंगराच्या चढणीचं पहिलं वळण. लीलाबाई शेजारी असेल. ती काही बोलणार नाही, पण बघेल.

गल्लीच्या तोंडाशी त्याला थांबावं लागलं. पुढं नाथाजीची गाडी उभी होती. कडेगावचा बाजार करून आली होती. आधी नाथाजीची बायको राणी उतरली. मग पुढचं दार उघडलं आणि लीलाबाईनं एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. खाटेवरून उठावं तशी उठली, आणि हातात भाजीची पिशवी घेऊन चालू लागली. बस्स, एवढंच. जोतिबाला वाटलं, आपण काहीतरी बघायचं चुकलो.

तिनं जीप पाहिली आणि हसून जवळ आली.

“झाली व्हय?”

“बस. दारापातुर सोडतो.”

दार तिथून हाकेवर होतं. तरी ती बसली. पिशवी आधी आत ठेवली, लोखंडी दांडा धरला, आणि नसलेल्या पायरीच्या जागी तिचा पाय जरा चाचपडला. मग तिनं ओठ दाबून अंग वर ओढलं.

“आवाज लय भारी आलाय,” ती म्हणाली.

दारापुढं जीप थांबली. एरवी जोतिबा थांबल्या थांबल्या खाली उतरून कुणाला तरी काहीतरी सांगायला लागलेला असे. आज इंजिनाचा आवाज ऐकत तो तसाच बसून राहिला. लीलाबाई वळली. जीपकडं तोंड करून तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला आणि एक पाय खाली सोडला. जमीन शोधत तो पाय बराच वेळ हवेत राहिला. तिचं तोंड जीपकडं होतं, म्हणजे त्याच्यासमोर होतं. डोळे गच्च मिटलेले होते. वरच्या ओठावर घाम आला होता, पौष असून.

पाय टेकल्यावर तिनं डोळे उघडले. तो बघतोय हे पाहून पदर सारखा केला.

“गुडघा?” जोतिबानं विचारलं.

“कसला गुडघा? पिशवी द्या हिकडं.”

ती आत गेली. नव्या इंजिनाचा आवाज आता त्याला जरा जास्तच मोठा वाटला. त्यानं किल्ली फिरवून तो बंद केला आणि बिरदेवला फोन लावला.

“ती बारकी गाडी म्हणत व्हतास बघ,” तो हळू आवाजात म्हणाला. “तिची पायरी केवढी उंच आसती?”

“पायरी नसतीच आबा. नुसतं बसायचं.”

“आन् मिळायला?”

“जरा दम धरा. आदी जीप कुनीतरी घ्यायला पायजे का नको? आत्ताच तर बोअर केलंय तिचं. किती हौसंनं केलं.”

“व्हय,” जोतिबा म्हणाला. “लय हौसंनं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाई मागं न्हाणीत असताना तो डिझेल भरून आला. गल्लीच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळत आणायची, ही डिझेल वाचवायची वडापातली जुनी खोड. जीप आवाज न करता दारात येऊन उभी राहिली. जोतिबानं पुढच्या शिटावर घडी घातलेली गोधडी टाकली. मग काढली. मग परत टाकली.

नाथाजीची गाडी हळूच मागून आली. नाथाजी उतरला, वळसा घालून आला आणि त्यानं पुढचं दार सताड उघडून धरलं. राणी मागच्या शिटावर सरकून बसली होती.

“चला वैनी,” त्यानं हाक मारली. “दादा, तुमीबी चला की आमच्यातच.”

“मला कुठलं जमतंय?” जोतिबा म्हणाला.

लीलाबाई बाहेर आली. हिरवं लुगडं, हातात नैवेद्याची दुरडी, वर खणानं झाकलेली. उंबऱ्यावर ती क्षणभर थांबली. एका बाजूला उघडं दार होतं, आतून तो फळाचा वास येत होता. दुसऱ्या बाजूला जीप होती आणि जोतिबा होता. लीलाबाई सरळ जीपकडं आली. दुरडी तिनं गोधडीवर ठेवली आणि वर चढायला दांडा धरला.

जोतिबाच्या घशात काहीतरी गोड उतरलं. हेच तर त्याला दसऱ्यापासून हवं होतं, आणि तेही नाथाजीच्या देखत. नाथाजीनं दार अजून धरलेलंच होतं. तो नेहमीसारखाच हसत होता.

जोतिबानं शिटावरची दुरडी उचलली आणि तिच्या हातात परत दिली.

“तू जा त्याच्यासंगं,” तो म्हणाला. नाथाजीकडं मात्र त्याला बघवलं नाही. “हिचं आज कायतरी बिनसलंय. चालूच हुईना.”

“धक्का मारू का दादा?” नाथाजी दार सोडून पुढं आला.

“नगं. धक्क्याचं काम न्हाई.” आता सुरुवात केलीच होती, तेव्हा जोतिबाला नुसतं थांबणं जमेना. “बिरदेवनं वायर उलटी जोडलीया. हाताला ही एवढी ठिणगी आली बघ. पहाटेपासनं खटपट करतोय, हूं न्हाई का चूं न्हाई. तुमी निघा. उनं व्हायच्या आत डोंगर चढा.”

राणीनं गाडीतूनच बघितलं. नाथाजीनं मान हलवली. त्याला सगळं खरंच वाटलं. तो परत जाऊन दाराशी उभा राहिला.

लीलाबाई त्या दाराकडं गेली नाही. तिनं दुरडी कमरेवर घेतली, जीपच्या पुढच्या अंगाला गेली आणि बॉनेटवर तळवा टेकवला. लगेच उचलला, पदराला पुसला. मग तिनं जोतिबाकडं पाहिलं, आणि नाथाजीला, राणीला, गल्लीत दात घासत उभ्या असलेल्या शेजाऱ्यालाही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली,

“तापलंय की हे. जल्मभर तुमच्या थापा ऐकल्या मी, कवा टोकलं न्हाई. पर आवं, ही खोटी हाय.”