मिस्टर काय करतात?

"मिस्टर काय करतात?" वाफेकाकांनी विचारलं, आणि त्यांच्या शेजारी बसून मुलाखत घेणाऱ्या तिने टेबलाखाली त्यांच्या पायावर आपला पाय दाबला.

काकांनी कळवळून पाय ओढून घेतला. ते हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीचे प्रमुख. सगळा जन्म वाफेत गेला म्हणून सगळे त्यांना वाफेकाका म्हणत, आणि मुलाखत म्हणजे सोयरीक जुळवणं अशी त्यांची पक्की समजूत होती.

"हा प्रश्न चालत नाही, काका," ती म्हणाली. "लग्न, मुलंबाळं, घरचं काही विचारायचं नाही. हॉस्पिटलचा नियम आहे."

"अहो, मी काय वाकडं विचारलं? माणसाची चौकशी नको करायला?"

"कामाची करा."

लॉन्ड्रीतल्या जागेसाठी आलेल्या समोरच्या उमेदवार बाई अवघडल्या नाहीत. "मला सांगायला हरकत नाही," त्या म्हणाल्या.

"मला ऐकायला आहे."

ते उत्तर ऐकायला अख्ख्या हॉस्पिटलात तिच्याइतकं आतुर दुसरं कुणी नव्हतं. समोर बसलेली बाई तिच्या नवऱ्याची पहिली बायको होती.

अर्ज वाचला तेव्हाच तिला ते कळलं होतं. तेव्हाच वरिष्ठांना सांगून बाजूला व्हायला हवं होतं. नेमणुकांचे नियम इथे सगळ्यांना तीच शिकवायची: उमेदवाराच्या संमतीशिवाय जुन्या मालकाला फोन करायचा नाही, केला तर कामापुरतंच बोलायचं, शेजारीपाजारी, फेसबुक, जुनी भांडणं, काही उकरायचं नाही. आणि तीच काल संध्याकाळी बाईंच्या जुन्या मालकिणीशी कामाचं बोलून झाल्यावरही फोन न ठेवता म्हणाली होती, "आणि स्वभावाने कशा आहेत?" पलीकडून आवाज आला, "मॅडम, हे विचारता येतं का तुम्हाला?" हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

पण राहवत नव्हतं. बारा वर्षांच्या संसारात नवऱ्याने पहिलीबद्दल एक वाईट शब्द काढला नव्हता. चांगलाही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान काहीतरी कळलं असतं. का मोडलं म्हणून विचारलं की हा माणूस उठून कुंड्यांना पाणी घालायला जायचा. घटस्फोट झाला की सवत उरत नाही, असं कायदा म्हणतो. तिचं मन तसं म्हणत नव्हतं.

आणि आता ही सवत पुढ्यात बसली होती. पन्नाशीला टेकलेली, तरी कंबर जागच्या जागी. केस रंगवलेले असणार म्हणून तिने मुळाशी निरखून पाहिलं. नव्हते. उत्तरं तर अशी नेमकी की काका प्रत्येक उत्तराला मान डोलवत होते, आणि त्या मानेबरोबर तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. सकाळी मुलाखत देऊन गेलेल्या दोघी हिच्यापुढे काहीच नव्हत्या. पण 'माणसांशी जुळवून घेणं कठीण' एवढी एक ओळ लिहिली की संपलं. कोण विचारणार होतं? पेन तिच्याच हातात होतं.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. खाली मोठ्या मशीनने पाणी सोडलं होतं.

"तुम्ही आटपा," काका उठत म्हणाले. "माझी पसंती आहे."

दार लागलं. खोलीत दोघीच उरल्या. तिने शेवटचा ठरलेला प्रश्न विचारला.

"तुम्हाला काही विचारायचं आहे?"

उमेदवाराने काय विचारावं यावर नियमात बंधन नव्हतं.

"एक होतं. नोकरीचं नाही," बाई म्हणाल्या. "ते अजून झोपेत दात खातात?"

तिने पेन खाली ठेवलं.

"मला ओळखता तुम्ही?"

"दारावर तुमचं नाव वाचलं, मधे त्यांचं. परत फिरणार होते. पण नोकरी हवीय मला, मॅडम."

नाही म्हणावं, लहान मुलासारखे शांत झोपतात म्हणून सांगावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

"खातात," ती म्हणाली. "कडाकडा. लग्न झालं त्या रात्रीपासून. दातांचे डॉक्टर म्हणाले, मनात काही डाचत असलं की होतं असं. काय डाचतंय ते मला कुणाला विचारावं लागलं नाही." आणि तिने बाईंकडे सरळ पाहिलं.

बाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही.

"माझ्याकडेही पहिल्या रात्रीपासूनच. मला वाटायचं, लग्नाआधीची कुणीतरी आहे मनात. फार शोधली हो तिला. खिसे तपासले, मित्रांना गाठलं, एकदा तर ऑफिसात जाऊन शिपायाला विचारून आले."

"मग? सापडली?"

"असती तर सापडली असती. शेवटी तेच म्हणाले, घरी आलो की झडती सुरू होते. एक दिवस ते आलेच नाहीत."

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं थोडं. पण त्यापेक्षा जास्त राग येत होता. बारा वर्षं जे दुःख खास आपलं म्हणून उराशी धरलं, तेसुद्धा या बाईचं वापरून झालेलं निघालं.

तिने निवडीच्या शेऱ्याचा कागद पुढे ओढला, स्वतःच्या नावावर काट मारली आणि खाली काकांचं नाव लिहिलं.

"निवड काका करतील. माझी सही यावर चालणार नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

"त्यांची तर पसंती आहे," बाई म्हणाल्या.

"ऐकलं मी."

बाई पर्स घेऊन उठल्या. दारापर्यंत गेल्या, तशी तिने हाक मारली.

"अहो, आज घरी गेल्यावर त्यांना काय सांगू मी?"

बाईंनी दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि थोडा विचार केला.

"सांगा काहीही," त्या म्हणाल्या. "विचारू नका फक्त."