दोन कुत्र्या, एक नाव

मी एक जुनी एक्स-रे मशीन आहे. मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं माणसांच्या दवाखान्यात गेली. नवी आली तशी माझी रवानगी जनावरांच्या दवाखान्यात झाली. माणसं 'श्वास रोखा' म्हटलं की रोखायची. कुत्र्याला मात्र गुंगी देऊन उताणं निजवायचं, मागचे पाय सरळ ओढून गुडघे आत वळवायचे, तेव्हा कुठे खुब्याचा गोळा वाटीत नीट बसलाय का ते मला दिसतं. काही कुत्र्यांची ही वाटी उथळच राहते आणि तो दोष पिल्लांत उतरतो. म्हणून पैदाशीआधी मला विचारतात.

डॉक्टरबाई कौतुकाने म्हणायच्या, "म्हातारी आहे, पण खोटं बोलत नाही." त्यांचे मदतनीस मामा मला रोज पुसायचे.

एकदा कुत्र्यांची पैदास करणारे शेठ राजकन्येला घेऊन आले. दोन वर्षांची, सोनेरी, भलती लाडिक. माझ्या फिल्मवर तिचे दोन्ही गोळे वाटीबाहेर डोकावत होते.

"हिला पिल्लं होऊ द्यायची नाहीत," बाई म्हणाल्या. "वजन आटोक्यात ठेवा, बेताने फिरवा. घरात मजेत जगेल."

"बाई, मी कुत्री पाळतो, पाहुणे नाही."

महिन्याभराने शेठ पुन्हा हजर. "मागचा फोटो वाकडा आला असेल, परत काढा." या वेळी आणली होती ती राजकन्येची सख्खी बहीण. दिसायला हुबेहूब! बाई गुंगीचं इंजेक्शन देऊन पलीकडे ऑपरेशनला गेल्या. कातडीखालच्या चिपचा नंबर तपासल्याशिवाय फोटो नाही, हा त्यांचा दंडक. पण नंबर वाचायचं यंत्र खालच्या खणात होतं आणि मामांना वाकायचा कंटाळा.

"तीच ना ही?"

"मामा, आपली लेक ओळखणार नाही का मी?"

मामांनी शिशाची अक्षरं जुळवून फिल्मपाशी 'राजकन्या' ठेवलं. हाडं मी खरी छापली, नाव खोटं.

"चिप पाहिलीत ना?" सही करताना बाईंनी विचारलं.

"पाहिली की," मामा म्हणाले.

त्या रिपोर्टच्या जोरावर शेठनी खऱ्या राजकन्येची पैदास सुरू केली. मग एकेक करून तिची पिल्लं माझ्याखाली आली. जेमतेम आठ महिन्यांची, बसली की उठताना कण्हणारी. एक आजोबा विचारत होते, "आमचंच काही चुकलं का हो? फार खेळवलं का?" मामा मला पुसता पुसता थांबले. मग पुन्हा पुसू लागले.

तीन वेतांनंतर राजकन्या आली, मागचा भाग फरपटत. बाईंनी आधीच्या दोन आणि आजची अशा तिन्ही फिल्म उजेडावर लावल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा मधला फोटो हिचा नाहीच!"

"नाव वाचा की," शेठ हसले. "आणि रिपोर्टवर सही कुणाची आहे? जाऊ द्या. आता ही कामाची नाही, इंजेक्शन देऊन टाका."

"हिला इथेच सोडा आणि चालते व्हा."

शेठनी तिच्या गळ्यातला पट्टा तेवढा काढून घेतला. ते निघाले तशी राजकन्या पुढच्या दोन पायांवर अंग ओढत दारापर्यंत त्यांच्या मागे गेली. शेपूट हलवत.

मित्रांनो, पिल्लू घ्यायला जाल तेव्हा कागद बघाच, पण आधी त्याच्या आईला चार पावलं चालवायला सांगा. तिला उठायला वेळ लागत असेल, तर तिच्या डोक्यावरून हात फिरवा आणि पिल्लू न घेता घरी या.