परक्याचा कोट

मास्तरणीने कोट उलटा केला आणि पाठीची शिवण ब्लेडने वरपासून खालपर्यंत उसवली. भर दुपार होती, तरी दुकानाचं शटर तिने अर्धं खाली ओढलं होतं. गिऱ्हाईक आलंच तर वाकून येईल. गरज त्याला आहे.

कोट परक्याचा होता. दीड वर्षापूर्वी कुणीतरी बाह्या आखूड करायला टाकून गेला, तो परत फिरकलाच नाही. मास्तरणीने त्या बाह्या उलट लांब सोडल्या, कारण तिच्या मुलाचे हात लांब. छातीत कोट आवळला. उजवा खांदा बोटभर उतरता घेतला. टेपला तिने हात लावला नाही. मशीन मारली, आतलं कापड कात्रीने साफ केलं, इस्त्री फिरवली आणि कोट हँगरला टांगून लांबून पाहिला. मग पटकन कागदात गुंडाळून ठेवला.

शाळेत ती चौथीपर्यंत गेली होती, तीही शेवटची परीक्षा न देता. पण नवरा कपडे शिवणारा मास्तर, म्हणून ती मास्तरीण. नवरा गेला, नाव राहिलं. आणि खरं सांगायचं तर कटिंग पहिल्यापासून तिचंच चांगलं होतं.

दुसऱ्या मशीनवर सून बसायची. तिचा नवरा, म्हणजे मास्तरणीचा एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर होता. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी तो हजेरीला उभा राहिला नाही, एवढंच कंपनीने कळवलं. पडला, उतरला की पळाला, कुणी पाहिलं नाही. त्याची बॅग तेवढी घरी आली. कुणी हळहळायला लागलं की मास्तरीण तोंडावर विचारायची, मेलेला पाहिलात का तुम्ही? नाही ना, मग तोंड आवरा.

सून काही म्हणायची नाही. पण रस्त्यापलीकडच्या कुलूपवाल्याने तिला सरळ लग्नाचं विचारलं होतं. बायको वारलेला, शांत माणूस. सुनेने त्याला सांगितलं, नवऱ्याचं काय झालं ते कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. आणि ते कळावं म्हणून ती निरोपवालीकडे गेली. ही बाई औषधांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहायची आणि मेलेल्या माणसांचे निरोप सांगायची. तिने सांगितलं, तो गेलाय, त्याने तुला मोकळं केलंय. त्या दिवशी सून घरी आली ती रोजच्यासारखी एकेक पायरी मोजत नाही, तर सहा वर्षांपूर्वीसारखी भरभर जिना चढून आली. मास्तरणीला तेच खुपलं. ती बाई खरी, तर पोरगा मेला. इतका सरळ हिशोब होता.

"परत जा तिच्याकडे, मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "ती खरी निघाली तर तुझ्या लग्नात मी तोंड उघडणार नाही. खोटी निघाली तर कुलूपवाल्याला नाही म्हणायचंस. कबूल?"

सुनेचा पाय मशीनच्या पॅडलवर थांबला.

"कबूल. पण आई, तुमचा शब्द तुम्हीही लक्षात ठेवा."

असल्या लोकांची मास्तरणीला पारख होती. नवरा गेल्यावर बहिणीने तिला दोघांकडे ओढत नेलं होतं. पहिल्याने विचारलं, नावात र किंवा म येतो का? तिने त्याला सांगितलं, बाबा, निम्म्या जगाच्या नावात र नाहीतर म येतो, आता फी अर्धी घे. दुसरीने नवऱ्याचा आवाज काढून तिला 'राणी' अशी हाक मारली. मास्तरीण तिथेच उठली. चाळीस वर्षांत त्या माणसाने तिला 'अगं ए' च्या पुढे हाक मारली नव्हती; मेल्यावर सुधारणार होता थोडाच?

तेव्हापासून तिने ठरवून ठेवलं होतं. चेहरा कोरा ठेवायचा. हुंकार द्यायचा नाही. मेलेल्याची म्हणून ते जी वस्तू मागतात, ती परक्याची द्यायची. आणि बाहेर बसलेल्यांकडे आधी बघायचं, आतल्याकडे नंतर.

निरोपवालीच्या बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या होत्या, कुरकुरणारा पंखा होता, आणि एक जाड बाई लोकरीचं विणकाम घेऊन बसली होती. या दोघी टेकतात न टेकतात तोच तिने मायेने चौकशी सुरू केली. कोण गेलं, केव्हा गेलं, फार जीव होता का. मास्तरीण तिच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होती. सुया टकटक चालल्या होत्या, पण दहा मिनिटांत विणीची एक ओळ पुढे सरकली नव्हती.

मग मास्तरणीने पदरचं सांगायला सुरुवात केली. मुलगा हो, एकुलता एक. काय बासरी वाजवायचा म्हणून सांगू, गल्लीतली माणसं खिडक्या उघडून ऐकायची. जहाजावरही बासरी घेऊन गेला होता बिचारा. हे सांगताना तिने डोळ्याला रुमालसुद्धा लावला. शेजारी सून मान खाली घालून चपलेचा बंद बघत राहिली. तिच्या नवऱ्याला धड शिट्टी वाजवता येत नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

थोड्या वेळाने विणणारी बाई पाणी प्यायला म्हणून आत गेली आणि तोंड पुसत बाहेर आली. मग यांना बोलावणं आलं.

आत काही सजावट नव्हती. टेबल, खिडकी, आणि दोरीला अडकवलेला चष्मा गळ्यात घालून बसलेली पन्नाशीची एक किडकिडीत बाई. तिने मुलाचा म्हणून आणलेला कोट मागून घेतला, मांडीवर पसरला, डोळे मिटले. मास्तरणीचे हात एकमेकांत घट्ट होते. सून निरोपवालीच्या ओठांकडे बघत होती, पाणी मागणाऱ्यासारखी.

"पाणी दिसतंय," निरोपवाली म्हणाली. "खूप पाणी. आणि बासरी ऐकू येतेय."

सुनेने डोळे मिटून घेतले.

मास्तरीण सावकाश उठली. ओरडली नाही, अशा वेळी ओरडायची गरज नसते. पोराला शिट्टी येत नव्हती, हे तिने सांगितलं. कोट दुकानातल्या गिऱ्हाइकाचा आहे, हेही सांगितलं. आणि बाहेरच्या तुमच्या बाईला सांगा, विणायचं सोंग करायचं तर निदान दोन टाके वाढवावेत, बघणाऱ्याला लाज वाटते.

सून उठली आणि बाहेर पडली. जिन्यावर तिची पावलं वाजली. एकेक पायरी, मोजून.

निरोपवालीचा चेहरा पडला नाही. तिने नुसता चष्मा डोळ्यांवर चढवला.

"पकडलंत. बसा जरा."

"बसायला नाही आले. कोट द्या."

पण निरोपवालीने कोट उलटा केला होता. तिचा अंगठा पाठीच्या शिवणीवरून खाली सरकत गेला, मग खांद्यावरून, मग बगलेतून. तो कारागिराचा अंगठा मास्तरणीने ओळखला. कपड्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं तपासणीच्या टेबलावर होते मी, निरोपवाली म्हणाली. डोळे अधू झाले, मग हा धंदा. ते ती अशा आवाजात म्हणाली जशी दोन कारागीर माणसं आपसात बोलतात.

"कोट गिऱ्हाइकाचा असेल. शिवण कालपरवाची आहे, आणि माप तुमच्या मुलाचं. बरोबर?"

मास्तरीण कोऱ्या चेहऱ्याने उभी राहिली.

"हात चांगला आहे तुमचा. मग आत कापड का नाही ठेवलंत?"

मास्तरीण वाकली आणि तिने बघितलं.

तिच्या दुकानातून चाळीस वर्षांत एकही कपडा आत दोन बोटं कापड राखल्याशिवाय गेला नव्हता. माणूस सुटतो, वाळतो, आजारी पडतो, बरा होतो. जिवंत माणूस एका मापात राहत नाही, हे तिने सुनेला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, हातावर फूटपट्टी मारून. इथे पाठीत, दोन्ही कुशीत, बाह्यांत, कापड शिवणीला भिडवून कापलेलं होतं. पुन्हा कधी उसवायचंच नाही, असं. कात्री कुठे डळमळलेली दिसत नव्हती.

"घाई होती," ती म्हणाली.

"घाईत हात सवयीने चालतो," निरोपवाली म्हणाली, आणि कोट तिच्यापुढे सरकवला.

पंख्याची कुरकुर बाहेरून ऐकू येत होती. मास्तरीण शेवटी बसली. पाण्याचा पेला पुढे आला तो तिने घेतला, निम्मा प्यायली, आणि पेल्याचा तळ उगाच रुमालाने पुसून परत ठेवला. फी किती, तिने विचारलं. निरोपवालीने मान हलवली. मास्तरणीला फुकटचं चालत नसे, पण या वेळी तिने वाद घातला नाही. कोटाची घडी घातली, आतली बाजू आत, आणि हातावर घेतला.

खाली औषधांच्या दुकानाच्या पायरीवर सून उभी होती. डोळे कोरडे होते. तिने कोट घ्यायला हात पुढे केला, तो मास्तरणीने दिला नाही. दोघी चालायला लागल्या.

"खोटीच निघाली," सून म्हणाली. "मी शब्द दिलाय. आज संध्याकाळी सांगून टाकते त्यांना."

कोपऱ्यावर सायकली जाईपर्यंत दोघी थांबल्या. मग रस्ता ओलांडताना ती म्हणाली,

"खोटी म्हणजे काय, नखशिखांत खोटी. बाहेर बसवलेली ती विणणारीसुद्धा."

"हो, आई."

"कुलूपवाल्याला उद्या सकाळी दुकानात पाठव."

सुनेचा आवाज बारीक झाला. "तुम्ही नका ना बोलू त्यांना. त्यांची काही चूक नाही. मीच सांगते."

"बोलायला कोण बोलावतंय त्याला? माप घ्यायचंय. पँट घोट्याच्या वर नाचते त्याची. लग्नात तसाच उभा राहिला, तर लोक म्हणतील, मास्तरणीच्या घरात टेप धरता येणारं कुणी उरलं नाही."

सून रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून कुणीतरी घंटी वाजवली. मास्तरीण मागे न बघता पलीकडे पोचली, आणि कोट या हातावरून त्या हातावर घेऊन तिची वाट पाहत उभी राहिली.