हळदीच्या गाण्याचा शेवटचा शॉट

मालन तेरवणकर हे नाव आजच्या पोरांना सांगावं लागतं, पण तिचं हळदीचं गाणं सांगावं लागत नाही. मांडवात हळद लागली की डीजेवाला ते लावतोच. त्या गाण्याच्या शेवटी पडद्यावर मालनचा चेहरा येतो, गालाला हळद फासलेला, हसणारा. डोळे असे चमकतात की बघणाऱ्याला वाटावं, आता ही रडेल की काय. पण ती रडत नाही, मान मागे टाकून आणखी हसते.

बोरिवलीच्या त्यांच्या घरी कोणी ना कोणी या गाण्याची आठवण काढत येई. मग मालनची धाकटी बहीण कमल चहाचा कप पुढे ठेवत म्हणे, "ज्या दिवशी हा शॉट घेतला ना, त्या दिवशी आमची आई गेली. हिला बिचारीला पत्ताही नव्हता. प्रोड्युसरनं निरोपच दिला नाही." ऐकणारा हळहळे. मालन खिडकीतून बाहेर बघत राही.

दोघींचं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं. मालन चाळीच्या गणपतीत भजनं म्हणायची. एका संगीतकाराच्या मदतनिसानं ते ऐकलं आणि तिला आधी कोरसमध्ये नेलं. पुढे चंद्रप्रकाश नावाच्या निर्मात्याला गाणारी नायिका हवी होती. तो काळ नटीनं ओठ हलवायचे आणि दुसरीनं गायचं असा. आपली गाणी आपणच गाणारी मालन लोकांना नवलाची वाटली. दहाएक वर्षं तिचे सिनेमे धो धो चालले. कोल्हापुरात तिच्या टांग्यामागे पोरं धावायची. प्रत्येक सेटवर आई सोबत असायची. कॅमेऱ्याच्या मागे खुर्ची टाकून बसायची, मांडीवर जेवणाचा डबा. बघणारे तिला घाबरून असत. शेवटी मात्र आजारपणानं तिला घरीच खिळवलं.

कमल त्या झगमगाटापासून लांब राहिली. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका झाली. तिचं एक स्थळ जमत आलं होतं, ते "बहीण सिनेमात नाचते" म्हणून मोडलं. कमलनं त्याबद्दल मालनला कधी एक शब्द ऐकवला नाही. आई गेल्यावर मालननं सिनेमा सोडला. "आईशिवाय सेटवर पाय ठेववत नाही," असं तिनं पेपरवाल्यांना सांगितलं. लोकांना तिचं कौतुक वाटलं, कमलला सगळ्यात जास्त. मग वडीलही गेले, दोघी बोरिवलीला राहायला आल्या आणि मालन गाण्याच्या शिकवण्या करू लागली.

त्या शिकवणीला गार्गी यायची. गोड गळ्याची, बडबडी, नाटकात काम करणारी मुलगी. सहा वर्षांत ती घरचीच झाली. मालनच्या गुडघ्याला तेल लावून द्यायची, कमलकडून घावन्यांचं पीठ भिजवायला शिकायची. एक दिवस उड्या मारतच आली. मालनताईंच्या आयुष्यावर वेब सिरीज होणार होती, कथा गार्गीनं दिली होती, आणि मालनचं काम तीच करणार होती.

"मावशी, तुम्ही पण यायचं सेटवर," ती कमलला म्हणाली. "हळदीचं गाणं शूट करतोय आम्ही. गोरेगावला, त्याच स्टुडिओत!"

मालन आधी नको म्हणाली. पाय दुखतात, ऊन लागतं, नाना कारणं. कमलनंच तिला तयार केलं. कपाटातली मोरपिशी पैठणी काढून दिली, केसांत गजरा माळला. "अगं, एवढी मोठी माणसं तुझ्यासाठी थांबलीत," असं म्हणत हाताला धरून गाडीत बसवलं.

सेट हुबेहूब लावला होता. तसाच मांडव, तसेच केळीचे खांब. दोघींना मॉनिटरसमोर खुर्च्या दिल्या. दिग्दर्शिका, कापलेल्या केसांची तरुण मुलगी, मालनच्या पाया पडली. मग शांतता झाली आणि शॉट सुरू झाला.

हळदीनं माखलेली गार्गी आरशासमोर उभी होती. चंद्रप्रकाशांचं काम करणारा नट धापा टाकत आला. "मालनबाई, लालबागहून फोन होता. तुमच्या बहिणीचा. आईचं काही खरं नाही. गाडी लावलीय, निघा." गार्गी क्षणभर थांबली. मग कपाळावरची बट मागे सारून म्हणाली, "रडायला अख्खं आयुष्य आहे. हे गाणं आज आहे. कॅमेरा लावा."

दिग्दर्शिकेनं कट म्हटलं आणि सगळ्या सेटनं टाळ्या वाजवल्या. कोणीतरी शिट्टीही मारली.

कमलला हसूच आलं. सिनेमावाले काय वाट्टेल ते दाखवतात. ती मालनकडे वळली. "ताई, हे काय दाखवतायत? तुला कुठे निरोप मिळाला होता? सांग ना त्यांना."

मालननं मान वर केली नाही. मांडीवरच्या पदराची घडी ती करत होती, मोडत होती.

"ताई?"

तेवढ्यात गार्गी धावत आली. "कसं झालं? मावशी, रडलात ना? मला वाटलंच होतं!"

"हे तुला कोणी सांगितलं?" कमलनं विचारलं.

गार्गीचं हसू मावळलं. तिनं एकदा मालनकडे पाहिलं, एकदा कमलकडे. "मालनताईंनीच. म्हणजे... मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"मी तुला मनातलं म्हणून सांगितलं होतं," मालन म्हणाली. "ह्याच्यासाठी नाही. आणि असं मी कधी म्हणाले नव्हते."

"पण ताई, किती मोठी गोष्ट आहे ही! लोक पाया पडतील तुमच्या. मी तुम्हाला लहान नाही केलं, मोठं केलंय."

पुढचं ऐकायला कमल थांबली नाही. वायरींवरून पाय उचलत ती बाहेर आली. फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, "मावशी, गाडी बोलवू का?" ती नको म्हणाली, रिक्षाला हात केला आणि घरी आली. रिक्षात तिला सारखं एकच आठवत होतं, आई गेली त्या दिवशीचा फोनवरचा आवाज. चंद्रप्रकाश म्हणाले होते, "काळजी करू नका, आत्ता पाठवतो त्यांना."

मालन तासाभरानं आली. कमल स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती, साडीही बदलली नव्हती. मालन दारातच उभी राहिली.

"बस," कमल म्हणाली. "आणि खरं सांग. आता तरी."

"त्यांनी गाडी लावली होती," मालन म्हणाली. "निघा, निघा म्हणत होते. मीच म्हटलं, एवढा शॉट होऊ दे. मांडव दुसऱ्या दिवशी मोडायचा होता. पन्नास बायका नाचायला उभ्या होत्या."

"एका शॉटला किती वेळ लागतो गं?"

मालन दारातच खाली बसली. मग म्हणाली, "पहिल्यांदा बरा झाला होता. ते म्हणाले, चालेल, जा आता. मला तो आवडला नाही. मी परत घ्यायला लावला. मग परत."

कमलनं तोंड फिरवलं.

"मला ते गाणं हवं होतं, कमल. तसं गाणं परत मिळणार नाही, कळत होतं मला. आणि वाटलं, आई राहील संध्याकाळपर्यंत. दोनदा डॉक्टरांनी हात टेकले होते, दोन्ही वेळा राहिली होती ती."

"मी तिथे काय करत होते, माहितीय तुला? आई डोळे उघडायची आणि विचारायची, माझी मालू इली काय गो? मी म्हणायची, येता हा आये, वाटेर आसा. मग मी खाली रस्त्यावर जाऊन टॅक्स्या बघायची. परत वर. परत तेच. शेवटी तिनं विचारणं सोडलं. तिला वाटलं असेल मी खोटं बोलतेय. आणि मी खरंच खोटं बोलत होते, नुसतं मला माहीत नव्हतं."

मालन तोंडाला पदर लावून रडू लागली. कमल जागची हलली नाही.

"आणि चंद्रप्रकाश? त्यांनी सांगितलं ना सगळ्यांना, की निरोप त्यांनीच दाबला म्हणून?"

"त्यांनीच ठरवलं ते. म्हणाले, लोक तुम्हाला माफ करणार नाहीत, मला शिव्या घातल्या तर काय बिघडतं. मी नको म्हटलं नाही."

"मी त्या माणसाला मारेकरी म्हटलं, ताई. भर चाळीत. तू आतच बसली होतीस."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सोडून गेली असतीस."

"गेले असते कदाचित. माझं मला ठरवता तरी आलं असतं. त्या पोरीला सांगितलंस आणि मला नाही!"

"तिला सांगणं सोपं होतं," मालन म्हणाली. "गेली ती तिची आई नव्हती."

चंद्रप्रकाश जाऊन बरीच वर्षं झाली होती. सिनेमाचा धंदा बुडाल्यावर त्यांनी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत छापखाना काढला होता, आता तो त्यांचा मुलगा प्रीतम चालवतो. कमलला हे ठाऊक होतं, कारण एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिका छापायला ती तिथे गेली होती, आणि भिंतीवर त्यांचा फोटो बघून तशीच मागे फिरली होती. दोन दिवसांनी ती पुन्हा तिथे गेली. प्रीतमनं तिला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर तो थोडा गांगरला, पण मागच्या गल्लीतल्या आपल्या घरी घेऊन गेला. तिथे त्याची आई वनमालाबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, पण कान शाबूत.

कमलनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वाटाणे सोलायचं न थांबवता त्या ऐकत होत्या.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाले, त्या मुलीला अजून खूप गायचंय. तिनं तर सिनेमाच सोडला. मग हे कशासाठी केलं, असं मी पुष्कळदा विचारलं. उत्तर नाही द्यायचे."

"मी त्यांच्या तोंडावर दार लावलं होतं."

"मी होते ना तिथे, जिन्यात. हातात पिठलं-भाताचा डबा होता. तुमच्या घरी चूल बंद असणार म्हणून करून आणला होता. परत घरी आणला. ह्यांनी तो खाल्ला नाही, आणि मला टाकवेना."

कमल त्यांच्या पायाशी बसली. "मला माफ करा," एवढंच तिला म्हणता आलं.

"मी कोण माफ करणार? ज्याला बोललात तो गेला," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण मऊपणाही नव्हता. "तुमचा दोष थोडा, हे मला कळतं. पण ह्यांच्या पाठीमागे लोक काय काय बोलायचे, ते मी ऐकलंय. चहा घ्याल?"

कमलनं चहा घेतला. नाही म्हणायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं.

घरी आल्यावर ती मालनला म्हणाली, "उद्या तू मरोळला जायचंस. मी येणार नाही."

मालन गेली. एवढ्या वर्षांत ती एकटी कुठे गेली नव्हती. संध्याकाळी परत आली तेव्हा चेहरा उतरला होता. वनमालाबाईंकडे काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि कमलनं विचारलं नाही. त्याच रात्री मालननं दिग्दर्शिकेला फोन करून तो प्रसंग काढून टाकायला सांगितलं. ती मुलगी गोड बोलली, पण प्रसंग काढला नाही. सिरीजमध्ये सगळ्यात गाजला तोच. गार्गीला बक्षीस मिळालं. मंचावर तिनं मालनताईंचे आभार मानले, म्हणाली, माझ्या दुसऱ्या आईसारख्या आहेत त्या. बोरिवलीला मात्र ती पुन्हा आली नाही. एकदा फुलांचा गुच्छ पाठवला, तो मालननं खालच्या मजल्यावरच्या शुभाकडे देऊन टाकला.

कमल कुठे गेली नाही. सत्तरी उलटल्यावर माणूस जाणार कुठे, आणि मालनला एकटीला जिने चढवत नाहीत. दोघी एकत्र जेवतात, टीव्ही बघतात, कामवालीबद्दल कुरकुर करतात. बाहेरच्याला काही कळणार नाही.

फक्त मालन म्हणाली, "रक्तदाबाची गोळी घेतली गं," की कमल "बरं" म्हणते, हातातलं काम ठेवते आणि आत जाऊन गोळ्यांचं पाकीट बघून येते. मालनला ते दिसतं.